चुंबळ जेवायला लागली: नव्या रॉयल पायथनचे घरातले पहिले दिवस

आमच्याकडे साप आला तो दिवस शनिवार, 14 ऑक्टोबर 2023. सर्वपित्री अमावास्या. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी इकडे, इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला, आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी कापडी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर चुंबळ दिसते." डोक्यावर घागर ठेवायला लुगड्याची चुंबळ वळतात ना, अगदी तशी ती स्वतःभोवती वळून बसली होती, तोंड मधोमध दडवून. तेच नाव पडलं. लेकीने तीन वर्षं हट्ट धरला होता, दोन पुस्तकं वाचून काढली होती, पैसे साठवले होते. पाच महिन्यांची मादी, वजन 214 ग्रॅम, अंगावर चॉकलेटी आणि सोनेरी ठिपक्यांची नक्षी.

चुंबळ पहिल्यांदा जेवली 28 नोव्हेंबरच्या रात्री, म्हणजे पंचेचाळीस दिवसांनी. त्यातले तीस दिवस तरी केवळ आमच्या चुकांमुळे गेले. आता ओळखीपाळखीतून कुणी ना कुणी विचारतं, "साप आणलाय, खात नाही, काय करू?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी एक गोष्ट. भारतात नाग, धामण, अजगर, अगदी निरुपद्रवी दिवडसुद्धा घरात पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली तो गुन्हा आहे. रॉयल पायथनसारख्या विदेशी जातींचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदणी करावी लागते. शेतात सापडलेलं अजगराचं पिल्लू "पाळू या" म्हणून घरी ठेवू नका, वनखात्याला किंवा सर्पमित्राला कळवा. मी लिहिते आहे ते ब्रिटनमधल्या, पिंजऱ्यातच जन्मलेल्या पाळीव सापाबद्दल.

आणण्याआधी

ज्याला ब्रिटनमध्ये रॉयल पायथन म्हणतात त्यालाच अमेरिकेत बॉल पायथन म्हणतात. साप एकच. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन इथून आजही हजारो पिल्लं निर्यात होतात. दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून राहायचं आणि अंधार पडला की बाहेर यायचं, हा त्याचा दिनक्रम. त्याच्या खाण्या-न खाण्याचं जवळपास सगळं उत्तर या एका गोष्टीत आहे. बीळ म्हणजे अंधार, ऊब, दमटपणा आणि चारी बाजूंनी अंगाला लागणाऱ्या भिंती. एवढं मिळालं की साप जेवतो. नाही मिळालं की तोंडासमोर काहीही धरा, तो मान आत घेतो.

निर्यात होऊन आलेलं पिल्लू घेऊ नका. प्रवासाने पिचलेलं असतं, पोटात जंत असू शकतात, आणि खायला लावताना अनुभवी माणसाच्याही नाकी नऊ येतात. इथेच पैदास झालेलं, निदान पाच-सहा वेळा जेवलेलं पिल्लू घ्या. पैदास करणाऱ्याकडे जेवणाची लेखी नोंद असतेच. ती मागायला संकोचू नका. मी संकोचले. लेक आनंदाने रडत होती, बाहेर गाडी चुकीच्या जागी लावलेली होती, आणि विचारायचे प्रश्न माझ्या पर्समधल्या कागदावरच राहिले. काय खातं, माऊस की रॅट, म्हणजे लहान जातीचा उंदीर की मोठ्या? किती ग्रॅमचं? जिवंत की गोठवलेलं? दर किती दिवसांनी? दिवसा की रात्री? शेवटचं कधी जेवलं आणि शेवटची कात कधी टाकली? ते कसल्या डब्यात, कसल्या भुश्यावर राहत होतं? एवढं विचारलंत तर पुढचे दोन महिने सुखाचे जातील.

दोन गोष्टी मनाशी पक्क्या करून मगच साप आणा. पहिली, हे प्राणी फार जगतात. वीस-तीस वर्षं सहज. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात 1961 साली आलेल्या रॉयल पायथन मादीने 2020 मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली. तुमची लेक विद्यापीठात जाईल, साप घरीच राहील. दुसरी गोष्ट म्हणजे साप शाकाहारी होत नाही. आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे. गॅरेजमध्ये एक छोटा वेगळा फ्रीझर घेतला, त्यात उंदीर असतात, आणि ते बाहेर काढण्याचं, गरम करण्याचं काम मी करते. मला पहिल्यांदा जड गेलं. पण ज्या जिवाला घरात आणलं त्याचं अन्न त्याला देणं हे आपलं काम आहे, असं सासूबाईंनीच मला सांगितलं. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी साप आणू नये, त्यात काही कमीपणा नाही.

पेटी आठवडाभर आधी चालू हवी

साप येण्याआधी पेटी किमान सात दिवस, दिवसरात्र, चालवून पाहा. मोठ्या सापाला 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच पेटी लागते. "पिल्लाला मोठी पेटी नको, घाबरतं," असं बरेच जण सांगतात. पिल्लाला मोठ्या पेटीची भीती नसते, मोकळ्या पेटीची असते. आमची पेटी चार फुटी, समोर काच, आत दोन लपणं (सापाला दडून बसायच्या जागा), पाण्याचं भांडं, एक फांदी आणि बाकी उजाड माळरान. आता तिच्यात बुचाच्या झाडाच्या साली, प्लॅस्टिकच्या वेली, सुकी पानं अशी गर्दी आहे की चुंबळ या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणाच्या नजरेला न पडता जाऊ शकते. पिल्लासाठी तशी दाटी आधीच करा. खाली नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे तीन-चार इंच जाड पसरा. देवदार किंवा पाईनचा भुसा नको, त्यातल्या तेलांचा सापाला त्रास होतो.

लपणं दोन हवीत, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. एकच ठेवलंत तर साप सुरक्षितपणा आणि ऊब यातलं एकच निवडतो आणि बहुतेक वेळा ऊब सोडतो. लपण केवढं असावं? साप वेटोळं करून आत बसला की त्याची पाठ छताला आणि कुशी भिंतींना टेकल्या पाहिजेत. माणसाला ते कोंडल्यासारखं वाटतं. सापाला तेच बीळ वाटतं. तोंड एकच, लहान. आम्ही आणलेली ती सुंदर दगडी गुहा प्रशस्त होती, दोन्हीकडून उघडी. चुंबळ तिच्यात कधीच गेली नाही. शेवटी मी दह्याचा किलोचा रिकामा डबा काळ्या कागदाने मढवला, एका बाजूला भोक पाडून कडा घासून गुळगुळीत केली आणि उपडा ठेवला. अर्ध्या तासात ती आत होती.

आता तापमान, कारण सगळं इथेच अडतं. उबदार टोकाला तिच्या अंगाखालच्या जागेचं तापमान 31 ते 33 अंश सेल्सिअस, थंड टोकाला 24 ते 26, आणि रात्री कुठेही 22 च्या खाली नाही. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पोटातलं अन्न जिरवायला त्याला बाहेरची ऊब लागते. ती नसेल तर खाल्लेलं पोटात कुजेल, हे त्याचं शरीर जाणतं आणि तो खातच नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर सरता सरता घर रात्री 17-18 अंशांवर येतं, हीटिंग आपण मध्यरात्री बंद करतो. हिशेब त्या थंडीचा धरा.

आमच्या पेटीत काचेवर चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर होता. तो इमानदारीने 31 दाखवायचा. भाऊबीजेच्या दिवशी, म्हणजे साप येऊन महिना झाल्यावर, नवऱ्याने लाल ठिपक्याची तापमान मोजायची पिस्तूल आणली आणि उबदार लपणातल्या भुश्यावर रोखली. 26.4. पुन्हा रोखली. 26.1. थर्मोस्टॅट म्हणजे तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारं यंत्र. त्याची वायर, जिच्या टोकाला तापमान कळतं, ती घसरून थेट हीटरच्या जाळीला टेकली होती. थर्मोस्टॅटला वाटत होतं पेटी तापली, आणि तो हीटर बंद करत होता. महिनाभर ते पोर थंडीत बसलं होतं आणि आम्ही म्हणत होतो, ही हट्टी आहे. त्या संध्याकाळी मला फार अपराधी वाटलं.

म्हणून तीन गोष्टी सांगते. काट्याचे चिकटवायचे थर्मामीटर घेऊ नका. दोन डिजिटल घ्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि पिस्तूल घ्याच, दहा-पंधरा पौंडांत मिळते. थर्मोस्टॅटची वायर क्लिपने पक्की बसवा, चिकटपट्टीने नाही. चिकटपट्टी सुटली आणि सापाच्या अंगाला लागली तर खवलं सोलून निघतं. आणि हीटर कुठलाही असो, थर्मोस्टॅटशिवाय आणि जाळीशिवाय एक तासही चालवू नका. हे साप गरम वस्तूला चिकटून बसतात आणि भाजलं तरी हलत नाहीत.

दमटपणा 55 ते 65 टक्के ठेवा, कात टाकायच्या वेळी थोडा जास्त. भुश्याच्या कोपऱ्यात आठवड्यातून दोनदा पाणी ओतलं की पुरतं. वर फवारत बसू नका, त्याने वरचा थर भिजतो, सापाचं पोट ओलं राहतं आणि खवल्यांना बुरशी धरते.

पहिले सात दिवस: हात नको, जेवण नको

हे सगळ्यात सोपं आहे आणि नेमकं हेच कुणाकडून होत नाही. साप पेटीत सोडा, दार लावा, आणि सात दिवस फक्त पाणी बदला. उचलायचा नाही, लपण उचलून बघायचं नाही, फोटो नाही, शेजारच्या मुलांना बोलावायचं नाही. समोरच्या काचेला एक चादर किंवा काळा कागद लावून टाका. पेटी टीव्हीजवळ, वॉशिंग मशीनच्या भिंतीला किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नका. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून येणारी धडधड त्याच्या जबड्याच्या हाडातून थेट आतल्या कानापर्यंत जाते.

आम्ही काय केलं? तिसऱ्या दिवशी उंदीर दाखवला. सहाव्या दिवशी परत. आठव्या दिवशी परत. मध्ये लेक रोज शाळेतून आल्यावर लपण उचलून "आहे ना गं?" बघायची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पंधरा माणसं घरी होती, त्यातल्या प्रत्येक पोराने काचेवर टकटक केलं. पहिल्या वीस दिवसांत सहा वेळा उंदीर नाकाशी नेला. प्रत्येक वेळी तिने तोंड वेटोळ्यात घातलं. तुमच्याही सापाने तसं केलं तर समजा, तो घाबरलाय. भुकेला साप तोंड लपवत नाही, बाहेर काढतो.

सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "ती उपास करते आहे, करू दे. कुणी मध्ये मध्ये भगर वाढायला आलं तर उपासाचं जमतं का?" मी ते तेव्हा ऐकलं नाही.

सात दिवसांनी पहिला प्रयत्न करा. नाही खाल्लं तर पुढचा प्रयत्न सात ते दहा दिवसांनी, त्याआधी नाही. मधल्या दिवसांत पेटीकडे पाठ फिरवा. आणि आठवड्यातून एकदा, एका ठरलेल्या दिवशी, वजन करा. स्वयंपाकघरातला असतो तसा डिजिटल काटा चालतो, पण सापासाठी वेगळा ठेवा. झाकणाचा डबा काट्यावर ठेवून शून्य करा, साप त्यात अलगद ठेवा, आकडा लिहा, लगेच परत सोडा. एका मिनिटाचं काम. मनातली भीती आणि खरी परिस्थिती यांतला फरक त्या आकड्यांनीच कळतो. आमची वही सांगते: 14 ऑक्टोबर 214, नोव्हेंबरच्या मध्याला 203, आणि 28 नोव्हेंबरला 198. पंचेचाळीस दिवसांत सोळा ग्रॅम, म्हणजे साडेसात टक्के. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर थांबू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. पूर्ण वाढलेला, धष्टपुष्ट रॉयल पायथन हिवाळ्यात दोन-चार महिने सहज काढतो. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाकडे तेवढी शिदोरी नसते. त्याच्या बाबतीत लवकर विचारा.

जेवण कसं द्यायचं

गोठवलेला उंदीरच द्या. जिवंत उंदीर कोंडलेल्या सापाला चावतो, डोळा फोडतो, पाठ कुरतडतो. शिवाय उंदराच्या जिवाचे हाल होतात ते वेगळेच. ब्रिटनमध्ये तशी रीतही नाही आणि 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यामुळे अंगाशी येऊ शकतं.

दुकानात दोन प्रकार मिळतात. माऊस म्हणजे पिटुकला घरउंदीर, रॅट म्हणजे थोराड जातीचा उंदीर. सापाला ज्याची सवय लागली असेल तेच तो अन्न म्हणून ओळखतो. मी तीन आठवडे चुंबळीला माऊस दाखवत होते, कारण दुकानदाराने "लहान सापाला लहान उंदीर" म्हणून तेच बांधून दिले. चोविसाव्या दिवशी शेवटी पैदास करणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तिने जन्मापासून एकही माऊस खाल्लेला नाही, तिला वीनर रॅट लागतो. वीनर म्हणजे आईचं दूध नुकतंच तुटलेलं पिल्लू, पंचवीस-तीस ग्रॅमचं. आकाराचा अंदाज असा: सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढाच जाड उंदीर. वजनात बघायचं तर पिल्लाला त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. पहिल्या जेवणाला लहानाकडे झुका.

आदल्या रात्री उंदीर फ्रीझरमधून काढून झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. आमच्या घरात तोही वेगळा छोटा फ्रीज आहे. मायक्रोवेव्ह कधीही नाही, उंदीर बाहेरून शिजतो, आतून गोठलेला राहतो, नाहीतर फुटतो. दुसऱ्या संध्याकाळी तो पिशवीत घट्ट बंद करून नळाच्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा. बोटांनी पोट दाबून बघा. आत खडा लागला तर बर्फ आहे, अजून ठेवा. शेवटी दोन मिनिटं नुसतं डोकं जरा जास्त गरम पाण्यात धरा. पिस्तूल रोखून डोक्याचं तापमान 38 ते 40 आलं की कागदाने कोरडा करा आणि लगेच न्या, कारण दोन-तीन मिनिटांत तो गार पडतो.

इतकी खटपट का, तर रॉयल पायथनच्या वरच्या ओठावर छोट्या खाचांची रांग असते आणि त्या खाचांना उष्णता दिसते. अंधारात तो उंदराची ऊब पाहतो. गार उंदीर त्याच्या लेखी दगड. सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे गरमागरम वाढलं पाहिजे." तेवढंच लक्षात ठेवा.

वेळ अंधार पडल्यानंतरची. खोलीतले दिवे घालवा, एक मंद दिवा दूर कोपऱ्यात. तीस सेंटिमीटर किंवा त्याहून लांब चिमटा घ्या, हाताने कधीच देऊ नका. उंदीर कमरेजवळ धरा, डोकं सापाकडे, आणि लपणाच्या तोंडापासून एक वीतभर अंतरावर हळूहळू हलवा, जसा उंदीर हुंगत चालतो तसा. सापाच्या तोंडावर नेऊन टोचू नका. दहा मिनिटांत काही झालं नाही तर उंदीर लपणाच्या तोंडाशी ठेवा, पेटी बंद करा, खोलीचं दार लावा आणि झोपायला जा. बरेच लाजरे साप पहाटे कधीतरी तो उचलतात. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या, पुन्हा गोठवायचा नाही.

28 नोव्हेंबरची रात्र. तापमान ठीक होऊन दोन आठवडे झाले होते, पेटीत पानं-साली भरल्या होत्या, काचेवर चादर होती, मधल्या तेरा दिवसांत कुणी हात लावला नव्हता. रात्रीचे सव्वादहा. मी वीनर रॅट धरला. आधी दह्याच्या डब्याच्या भोकातून जीभ आली, आत गेली, परत आली, या वेळी सावकाश. मग नाक. मग डोकं, आणि मागची मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली. माझा हात कापत होता, मी कोपर गुडघ्यावर टेकवलं. झेप दिसलीच नाही. चिमट्याला झटका बसला तेव्हा कळलं. तोवर उंदराभोवती तीन वेढे पडले होते. ती दहा मिनिटं तशीच आवळून बसली, मेलेल्या उंदराला मारत. मग वेढे ढिले केले, जिभेने चाचपत डोकं शोधलं आणि गिळायला लागली. खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे सांधलेली नसतात, ताणणाऱ्या स्नायुबंधाने जोडलेली असतात. म्हणून एकदा डावी बाजू पुढे, एकदा उजवी, असे जबडे उंदरावरून चालत जातात. श्वासनळीचं तोंड खालून पुढे सरकतं, त्यामुळे घास तोंडात असताना श्वास चालू राहतो. शेपटी आत गेल्यावर तिने दोनदा मोठी जांभई दिली आणि जबडे जागेवर बसवले. लेक जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती. कुणी बोललं नाही. मी दिवा घालवला.

अजूनही नाही खाल्लं तर

आधी तापमान पिस्तुलाने मोजा. मग लपणं बघा. मग स्वतःला विचारा की मागच्या दहा दिवसांत पेटी किती वेळा उघडली. या तिन्हींची उत्तरं खरी दिल्यावर मगच क्लृप्त्या करा. कात टाकायची वेळ असेल, म्हणजे कातडी निस्तेज आणि डोळे निळसर दुधाळ, तर थांबा. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही आणि बहुतेक साप खात नाहीत. कात पूर्ण, पायमोजा काढावा तशी एकसंध निघाली की दोन दिवसांनी द्या. तेव्हा भूक चांगली असते. पांढरा उंदीर घेत नसेल तर काळा किंवा करडा द्या. रॅट नको तर माऊस, माऊस नको तर रॅट. हेअर ड्रायरने डोकं आणखी तापवा. एवढ्यावर भागतं. जबडा उघडून जबरदस्तीने भरवणं हे डॉक्टरचं काम आहे. घरी केलंत तर अन्ननळी फाटू शकते, आणि साप पुढे उंदीर बघताच घाबरेल.

दूध देऊ नका. हे मला मुद्दाम लिहावं लागतं. माझं माहेर शिराळ्याच्या पट्ट्यातलं, नागपंचमी आमच्या रक्तात. लहानपणी गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पिताना मी पाहिला आहे आणि हात जोडले आहेत. तो पाण्यावाचून कित्येक दिवस ठेवलेला असतो, म्हणून समोर येईल ते पितो. दूध त्याला पचत नाही, फुप्फुसात गेलं तर मरतो. आमच्याकडे नागपंचमीला आता पाटावर नाग काढून पूजा होते, आणि चुंबळीला स्वच्छ पाणी बदललं जातं.

डॉक्टरकडे लगेच जायची कारणं अशी: श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडून श्वास, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ, पाण्याच्या भांड्यात खसखशीएवढे काळे ठिपके, म्हणजे गोचिडीसारखे माइट, कातीचे तुकडे डोळ्यावर अडकलेले, खाल्लेलं ओकून टाकणं. ओकलं तर निदान दोन आठवडे काहीही देऊ नका आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या. साप आणण्याआधीच जवळचा सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात तो नसतो.

जेवल्यानंतर

अठ्ठेचाळीस तास हात लावू नका. पोटात उंदीर असताना उचललं तर ओकतो. सात दिवसांनी चुंबळीला दुसरं जेवण दिलं, मग तिसरं, आणि ते पचल्यावर, म्हणजे पहिल्या जेवणानंतर जवळपास तीन आठवड्यांनी, लेकीला ती पहिल्यांदा नीट हातात घ्यायला दिली. आधी हात साबणाने धुवायचे, म्हणजे उंदराचा वास नको. पेटी उघडून कागदाच्या गुंडाळीने पाठीला हलकं टेकवायचं, म्हणजे तिला कळतं की हे जेवण नाही. डोक्यावरून हात न नेता कुशीखालून दोन्ही हातांनी उचलायचं. पाच मिनिटं पुरे. परत ठेवल्यावर पुन्हा हात धुवायचे, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो. सासूबाईंच्या वयाच्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना त्याचा फार त्रास होतो. पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही.

जेवणाचं वेळापत्रक पिल्लाला सात ते दहा दिवसांनी, वर्षभरानंतर दोन आठवड्यांनी, मोठ्या सापाला तीन-चार आठवड्यांनी एक. जाड साप म्हणजे निरोगी साप नव्हे. शेपटीच्या बाजूला चरबीची घडी दिसायला लागली की अंतर वाढवा.

चुंबळ आता 1,150 ग्रॅमची आहे. या हिवाळ्यात पुन्हा पाच आठवडे काही खाल्लेलं नाही. वहीत मागच्या चार रविवारांचे आकडे आहेत: 1,158, 1,155, 1,151, 1,150. हीटर 32 वर, थंड टोक 25 वर. सासूबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न तिच्याच उपासाचा असतो. पुढचा उंदीर शुक्रवारी रात्री काढून ठेवणार आहे, त्याआधी नाही.